खोक्यातून काढा अन् उडवा! जुन्या विमानांचा नवा अवतार. पण चिकलठाण्याजवळ नियम काय?

छत्रपती संभाजीनगर : मुलांसाठी उडणारे विमान ऑनलाइन मागवताय? जुन्या विमानांसारखी दिसणारी 'रेडी टू फ्लाय' मॉडेल सहज मिळतात. दिसायला खेळणे असले, तरी रिमोटवर उडणारे विमान ड्रोन नियमांत येते.

सुरुवात कुठून?
फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसमध्ये रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सुमारे ४० मीटर उडवले. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये 'फ्रॉग इंटरसेप्टर' हे तयार विमान विक्रीला आले. रबराला पीळ देण्याची यंत्रणा खोक्यातच होती. पुढे अमेरिकेच्या 'कॉक्स' कंपनीचे 'पीटी-१९' गाजले. त्याचे इंजिन सुमारे ०.८ सीसीचे. दोन दोऱ्या धरून ते स्वतःभोवती गोल फिरवायचे. पंख रबर बँडने बांधलेले असल्याने आपटले की सुटे व्हायचे, मोडतोड कमी व्हायची.

आता काय बदलले?
रूप जुनेच, आत मात्र फोम, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. अनेक मॉडेलमध्ये जायरो असतो. वाऱ्याने विमान कलले की सेन्सर ते ओळखतो आणि तोल सावरला जातो.

नियम काय?
पीळ संपला की रबरी विमान खाली यायचे. रिमोटचे विमान मात्र उंच आणि लांब जाऊ शकते. म्हणूनच ड्रोन नियम, २०२१ महत्त्वाचे.

- २५० ग्रॅमपर्यंतचे 'नॅनो' गटात मोडते. त्यासाठी पायलट परवाना लागत नाही. २ किलोपर्यंतच्या 'मायक्रो'लाही बिगरव्यावसायिक वापरात ही सूट आहे.
- परवान्यातून सूट म्हणजे कुठेही उडवण्याची मुभा नव्हे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन असतो. त्याहून जवळ परवानगी लागते.
- मुकुंदवाडी, सिडको हा भाग चिकलठाणा विमानतळाच्या ८ किमीच्या आत येतो. त्यामुळे गच्चीवरून किंवा जवळच्या मैदानातून उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा पाहा.

खरेदी करताना
१४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावरचे वजन तपासा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. लहान मुलांसाठी फक्त मजा हवी असेल, तर रबराच्या पिळावरचे विमान आजही उत्तम. तेही धावपट्टीपासून दूर, मोकळ्या मैदानात उडवा.