संगणक झोपत का नाही?

विंडोजचा संगणक स्लीपमध्ये जात नसेल, तर बहुतेक वेळा एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर त्याला जागं ठेवत असतो. सेटिंग्ज उलटसुलट करण्याआधी तो शोधा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘रिक्वेस्ट्स’ असं इंग्रजीत टाइप करा. डिस्प्ले, सिस्टिम अशा मथळ्यांखाली अडवणाऱ्याचं नाव येतं. ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओही त्यात सापडतो.

झोपून लगेच उठत असेल, तर दुखणं वेगळं. माउस किंवा नेटवर्क कार्ड तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यांच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर संगणकाला जागं करण्याच्या परवानगीची खूण काढा. कीबोर्डची मात्र राहू द्या, म्हणजे कळ दाबून संगणक उठवता येईल.