बेघरांना चादरीबरोबर पत्ताही हवा

थंडी पडली की आपली मंडळे स्टेशनबाहेर, उड्डाणपुलाखाली झोपलेल्यांना चादरी वाटतात. काम चांगलेच आहे. पण अतिक्रमण हटवणारी गाडी आली की बिऱ्हाडासोबत ती चादरही जाते. निवारा ही दया नाही, हक्क आहे. तो मिळवून कसा द्यायचा, हे कार्यकर्त्यांना माहीत हवे.

हक्क काय आहे?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. त्याआधी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे बारमाही, २४ तास उघडे निवारा केंद्र उभारण्याचे आदेश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी निधीची तरतूद झाली. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, अंथरूण, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय आणि प्रथमोपचार हे निकष ठरले.

मग लोक रस्त्यावर का?

मजुरीचा नाका पहाटे भरतो आणि केंद्र दूर असते. पुरुषांच्या केंद्रात नवरा आणि महिलांच्या केंद्रात बायको गेली की कुटुंब तुटते. शिवाय भीती असते. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना भटकणे हीसुद्धा ‘भीक’ ठरते, आणि पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, महाराष्ट्रात मात्र कायदा कायम आहे. म्हणून अनोळखी गाडीत चढायला लोक घाबरतात.

पत्ता कसा मिळतो?

बेघर माणूस नमुना ६ भरून मतदार होऊ शकतो. पत्त्याचा कागद लागत नाही. बीएलओ रात्री येऊन तो तिथेच झोपतो याची खात्री करतो. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र चालते. पुढे रेशन, बँक खाते आणि निराधार योजनेचे अर्ज करणे सोपे होते.

आपण काय करावे?

• आधी विचारा, मग हलवा. फोटो काढू नका.
• आपल्या शहरात केंद्रे किती, जागा किती आणि महिला व कुटुंबांसाठी किती, ही माहिती माहिती अधिकारात महापालिकेकडून मागवा.
• एखाद्याला केंद्रात नेण्याआधी तिथे जागा आहे का, सामान ठेवता येते का, हे स्वतः पाहून या.
• आजारी माणसासाठी १०८, एकट्या मुलासाठी १०९८ आणि वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक लक्षात ठेवा.
• आठवड्याने पुन्हा जा. कागदाचे काम एका फेरीत होत नाही.

पुढच्या वेळी चादरी वाटायला निघाल तेव्हा पिशवीत नमुना ६ चे कोरे अर्ज आणि जवळच्या केंद्राचा फोन नंबरही असू द्या.