शेवानेला: बर्फातली आणि गाळातली

शेवानेला या प्रजातीचं नाव आता निघतं ते विजेच्या संदर्भात. गाळातले जिवाणू, त्यांच्या अंगातून निघालेल्या तारा आणि त्यावर लागलेला इवलासा दिवा. त्या दिव्याचं कौतुक मलाही आहे. पण या प्रजातीची कहाणी तिथून सुरू करणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. धातूवर श्वास घेणारे जिवाणू म्हणून ती प्रसिद्ध झाली, त्याच्या कितीतरी आधी लोण्याने आणि मासळीने तिची ओळख करून दिली होती.

1931 साली अमेरिकेत डर्बी आणि हॅमर यांनी वास मारणाऱ्या लोण्यातून हा जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याचं गोत्र वारंवार बदललं: अक्रोमोबॅक्टर, स्यूडोमोनास, अल्टेरोमोनास. या नामांतरांत फारसा रस घेण्यासारखं काही नाही. 1985 मध्ये मॅकडॉनेल आणि कोलवेल यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती दिली आणि जेम्स शेवान यांचं नाव दिलं, हे मात्र फार योग्य झालं. शेवान स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या टोरी संशोधन केंद्रातले. बर्फातला मासा कोणते जिवाणू नासवतात, या एका प्रश्नावर त्यांनी हयात घालवली. हॉब्स आणि हॉजकिस यांच्यासह त्यांनी 1960 मध्ये मांडलेली ओळखपद्धती आमच्या पिढीने तोंडपाठ केली होती.

मासा नासतो म्हणजे काय होतं? समुद्री माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं. खाऱ्या पाण्यात शरीरातल्या पाण्याचा तोल सांभाळायला ते त्याच्या कामी येतं. मासा मेला, बर्फात पडला, अंगावरच्या बुळबुळीत थरातला ऑक्सिजन संपला की बाकीचे बरेच जिवाणू अडून बसतात. शेवानेला अडत नाही. ती ऑक्सिजनऐवजी याच ऑक्साइडवर श्वास घेते आणि मागे ट्रायमिथाइलअमाइन सोडते. आपण ज्याला शिळ्या मासळीचा वास म्हणतो, त्यातला मोठा वाटा या वायूचा. जोडीला सिस्टीनसारख्या गंधकयुक्त पदार्थांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हे सगळं शून्य अंशाच्या आसपास, जिथे आपण मासा सुरक्षित समजतो तिथे चालतं. गोड्या पाण्यातल्या माशात ते ऑक्साइड नगण्य असल्यामुळे त्याचं नासणंही वेगळ्या वासाचं असतं. हा फरक कोळणीला नाकानेच कळतो.

शेवानेला मोजायची सुरेख रीत 1987 मध्ये डेन्मार्कच्या लोन ग्राम आणि सहकाऱ्यांनी दिली. जिवाणू वाढवायच्या त्यांच्या आयर्न आगर या माध्यमात लोह, थायोसल्फेट आणि सिस्टीन असतं. सल्फाइड सोडणारा जिवाणू लोहाशी मिळून काळीभोर कॉलनी करतो, स्यूडोमोनास पांढरीच राहते. वर आगरचा पातळ थर ओतायचा, नाहीतर हवेने काळेपणा विरतो. आगर फार गरम ओतायचा नाही, बर्फातले जिवाणू तेवढ्यानेही मरतात. आणि प्लेटा 20 ते 25 अंशांवर ठेवायच्या. हे शेवटचं मी अनेक सभांत घसा फोडून सांगितलं आहे. बर्फातल्या मासळीच्या प्लेटा 37 अंशांवर ठेवून, कमी संख्या आली म्हणून माल ताजा ठरवणारे अहवाल मी पाहिले आहेत. त्या तापमानाला माणसाच्या पोटातले जिवाणू वाढतात. बर्फातला मासा नासवणारे बहुतेक जिवाणू वाढतच नाहीत. असा अहवाल ग्राहकाची फसवणूक करतो आणि प्रामाणिक व्यापाऱ्याचीही.

गाळाची गोष्ट याच श्वासाचा पुढचा अध्याय आहे. 1988 मध्ये चार्ल्स मायर्स आणि केनेथ निल्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनाइडा सरोवरात मँगनीज ऑक्साइडवर श्वास घेणारा जिवाणू दाखवला. खाण्याचे पदार्थ पेशीत येतात, पण घन मँगनीज आत घेता येत नाही. म्हणून हा जिवाणू सायटोक्रोम प्रथिनांच्या साखळीतून इलेक्ट्रॉन पेशीच्या दोन्ही आवरणांपार बाहेर पोचवतो आणि फ्लेविनच्या रेणूंकरवीही त्यांची ने-आण करतो. 2002 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशा प्रथिनांची चाळीसच्या घरातली यादी मिळाली. 2006 मध्ये गाजलेल्या त्या तारा 2014 च्या अभ्यासात पेशीच्या बाह्य आवरणाचेच लांबट फाटे ठरले. दिव्याच्या बातम्यांत ही दुरुस्ती क्वचित दिसते.

ओनाइडाच्या जिवाणूला 1999 मध्ये शेवानेला ओनाइडेन्सिस हे नाव देणाऱ्यांत कस्तुरी वेंकटेश्वरन होते. 2005 मध्ये ग्राम यांच्या गटासोबत त्यांनीच दाखवलं, की डॅनिश मासळीतल्या काळ्या कॉलन्या बहुतांशी बाल्टिका जातीच्या आहेत. एकाच हाताने गाळ आणि मासा दोन्ही चाचपले, म्हणून मी त्यांना मानतो.

जातींचा पसारा मोठा आहे. व्हायोलेसिया र्‍यूक्यू गर्तेत पाच हजार मीटरखाली राहते. हॅलिफॅक्स बंदराजवळच्या गाळातली एक जात स्फोटक आरडीएक्स तोडते. भारतीय संशोधकांनी 2009 मध्ये चिल्काच्या आणि 2011 मध्ये अरबी समुद्राच्या गाळातून नव्या जाती दिल्या. अल्गी ही जात मात्र 37 अंशांवर खुशाल वाढते आणि जखमेत शिरते. रुग्णांतून पूर्वी पुट्रिफेसियन्स, म्हणजे लोण्यातली मूळ जात, म्हणून नोंदलेले जिवाणू बरेचदा अल्गीच असतात. काही प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद जिवाणूंना देणाऱ्या क्यूएनआरए जनुकाचं मूळही 2005 मध्ये तिच्यातच सापडलं.

ही ओळख जिवाणू हाताळून झाली. आज मात्र विद्यार्थी येतो तो नमुन्यातला डीएनए घेऊन. शेवानेलाची टक्केवारी सांगतो, पण मासा कोणत्या दिवशी नासला, कल्ल्यांचा रंग कसा होता, हे विचारलं की गप्प. टोरी केंद्रही गेल्या शतकाच्या अखेरीस बंद झालं. तिथे माशाला गुण देणारी माणसं नेमाने हुंगत, बघत, शिजवून चाखत, आणि त्या गुणांशेजारी जिवाणूंची संख्या लिहिली जाई. तशी वही आपल्याकडेही हवी. उबदार पाण्यातला मासा बर्फात सहसा थंड पाण्यातल्या माशापेक्षा जास्त टिकतो. आपल्या बांगड्याच्या बाबतीत ते कसं, हे कोकणच्या कुठल्याही बंदरावर पाहता येईल. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्या होडीचा बांगडा उचलावा, बर्फात ठेवावा आणि रोज एक मासा काढून आयर्न आगरवर लावावा. नाक, तारीख आणि काळ्या कॉलन्या एकाच वहीत लिहाव्यात. यंत्राची गरज त्यानंतर.