‘ब्रेक’वर आहे!

दौंड, केडगाव, न्हावरा... कुठल्याही कट्ट्यावर आयटीआय झालेल्या पोराला विचारा, ‘काय चाललंय सध्या?’ ‘ब्रेकवर आहे,’ हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचं सात महिन्यांचं लेटर संपलंय आणि नवं अजून आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सातच महिने का? वर्षभरात 240 दिवस काम भरलं की कायदा ती सलग सेवा धरतो. मग कपात करताना महिन्याची नोटीस आणि वर्षाला 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. सात महिन्यांत 240 दिवस भरतच नाहीत. सोपं गणित!

गाड्यांची मागणी चांगली असते तोवर ब्रेक महिना-दोन महिन्यांत संपतो. खरी पंचाईत ऑर्डर घटल्यावर होते. आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी शिफ्ट, मग ठेकेदाराचा फोन, ‘उद्यापासून येऊ नको, कळवतो.’ ऑगस्ट 2019 मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा जवळपास 32 टक्क्यांनी पडली. दोन-तीन महिन्यांत सुमारे 15 हजार जणांचं काम गेल्याचं तेव्हा ‘सियाम’ या वाहन उत्पादकांच्याच संघटनेने सांगितलं होतं. त्यातले बहुतेक टेम्पररी. ना नोटीस, ना गेटसमोर घोषणा. पोरं कारेगावातली खोली सोडून गावी परतली की विषय संपला.

परमनंट असलं म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातलं तळेगाव बघा. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावातून फक्त निर्यात सुरू ठेवली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तीही थांबली. एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना घरी बसवलं. पण ते युनियनमार्फत कोर्टात गेले, आकडा पेपरात छापून आला. ब्रेकवरच्या पोराची कुठे नोंद होते?

अप्रेंटिसचं तर आणखी वेगळं. 1961 च्या कायद्यानुसार तो प्रशिक्षणार्थी, कामगार नाहीच. त्याला स्टायपेंड मिळतो. मुदत संपल्यावर त्याला घ्यायचं की नाही, ते साधारणपणे कंपनीच्या हातात. मशीनवर मात्र तो परमनंटच्या शेजारीच उभा असतो!

म्हणून यंदा कॅम्पसला कुणी आलं तर लाजू नका, विचारा. लेटर कंपनीचं की ठेकेदाराचं? ट्रेनी म्हणजे नेमकं कोण? पीएफ स्लिपवर कापलेला दिसतो, पण खात्यात भरलाय का, ते उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला बघा. स्लिपा जपून ठेवा. आणि ब्रेक मिळाला तर अनुभवाचं पत्र हातात पडल्याशिवाय गेटपास परत करू नका. ‘नंतर या, देतो’ म्हणणारा सुपरवायझर नंतर फोन उचलत नाही.