फिरंग, फरी-गदका आणि सोळाशे मीटर

भंडाऱ्यात कुण्या पोराला अंग कशासाठी कमावतोस म्हणून विचारलं, तर उत्तर बहुधा पोलीस भरतीचं येतं. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मिळून 50 गुण. भरती झाली किंवा वय निघून गेलं की बूट माळ्यावर जातात. पल्ला घड्याळानं ठरवला की असंच व्हायचं. गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांत तलवारीची कसरत मात्र वेगळ्या वाटेनं गेली, युरोपातही आणि आपल्याकडेही.

युरोपी पातं मराठी हाताला नवं नव्हतं. समुद्रापलीकडून आलेल्या पात्याला इथली मूठ बसवली की तिचं नाव फिरंग. कित्येक दांडपट्ट्यांचीही पाती परदेशीच. पातं आलं, त्यामागची विद्या आली नाही. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं आणि भंडारा इंग्रजांच्या हाती गेला. 1878 च्या शस्त्र कायद्यानं तलवार परवान्यात अडकली. आखाड्यात लाठी, बोथाटी आणि फरी-गदका उरले. गदका म्हणजे चामडं मढवलेला सोटा, फरी म्हणजे छोटी ढाल.

या कायद्याच्या काही वर्षं आधी आल्फ्रेड हटन नावाचा इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आपल्या पलटणीसाठी तलवारबाजीचा क्लब चालवत होता. 1862 मध्ये त्यानं त्यासाठी पुस्तिकाही लिहिली. मायदेशी परतल्यावर मात्र त्याला जुन्या विद्येचा वस्तादच सापडेना. बंदुकीनं तो केव्हाच बेकार केला होता. मग हटननं सोळाव्या शतकातल्या पोथ्या उघडल्या आणि त्यांतले डाव मंचावर करून दाखवले. आज फिओरे या जुन्या वस्तादाची 1410 च्या आसपासची किंवा मेयर या वस्तादाची 1570 ची पोथी समोर ठेवून युरोपात हजारो लोक घाम गाळतात, त्यांचा हा पूर्वज. उलट दिशेनंही देवाणघेवाण झाली. आपले मुद्गल इंग्रजी फौजेनं उचलले आणि 1834 मध्ये डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात ते छापूनही आले.

आपल्याकडे विद्या पोथीत शोधावी लागली नाही, ती वस्तादांच्या हातात होती. 1914 मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. 1936 पासून बडोद्याहून मजुमदारांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड निघू लागले आणि हे सगळं कागदावर आलं. पण आपली चूक दुसरीकडे झाली, असं माझं मत. आपण पट्टा मिरवणुकीत नेला. लिंबू कापलं, टाळ्या घेतल्या. समोर उलट वार करणारा माणूसच राहिला नाही.

युरोपी मंडळींनी नेमका तो माणूस परत आणला. जाळीचा मुखवटा, जाड अंगरखा, बोथट पोलादी तलवार आणि खुली झुंज. दोन हातांची ती तलवार जेमतेम दीड किलोची. मुद्गलांची जोडी फिरवणाऱ्याला ती खेळणंच वाटेल. दमछाक वजनानं होत नाही, पायांनी होते. त्यामुळे पल्लाही वेगळा बांधता येतो. तीन महिन्यांत दोन-दोन मिनिटांच्या पाच झुंजी, शेवटच्या झुंजीतही हात खाली न पडता. प्रतिस्पर्धी बदलला की तोच पल्ला पुन्हा अवघड होतो आणि वय उलटलं म्हणून कुणी मैदानाबाहेर काढत नाही.

यासाठी युरोपातून तलवार मागवायची गरज नाही. तुमसर-पवनीकडे लाठी-गदका शिकवणारा कुणी वस्ताद भेटला, तर त्याला मिरवणुकीपुरता बोलावू नका, आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघांना समोरासमोर उभं करायला सांगा. तलवारबाजी शालेय स्पर्धांत आहे, त्यामुळे मुखवटे मिळतात. पैसे आधी त्यावर खर्च करा. मुखवट्याशिवाय सोट्याला सोटासुद्धा लावू नये.