चरीचा संप, चवदार तळं आणि दहावीचे 40 गुण : रायगडच्या किनाऱ्यावरचा इतिहास अभ्यासक्रमात कुठे बसतो?

अलिबाग तालुक्यात जुन्या जमिनीचा सातबारा काढला, की बऱ्याचदा इतर हक्कांच्या रकान्यात एक ओळ दिसते : 'कुळकायदा कलम 43 च्या अटीस पात्र'. घरातल्या दहावीच्या मुलाला तिचा अर्थ विचारला, तर तो बहुतेक गप्प बसेल. पण तिचं उत्तर त्याच्याच दप्तरातल्या विषयात आहे. विषयाचं नाव सामाजिक शास्त्रे.

राज्य मंडळाच्या दहावीत या विषयाचे दोन पेपर असतात. इतिहास व राज्यशास्त्राचा एक, भूगोलाचा दुसरा. प्रत्येकी 40 गुण, दोन तास. उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. हे 20 गुण 2018-19 मध्ये काढून टाकले होते. त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला, पालकांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. 'शाळा गुणांची खिरापत वाटतात' ही तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. पण मुलांनी गावात फिरून काही शोधावं, यासाठी परीक्षापद्धतीत जी काही जागा आहे, ती याच 20 गुणांत आहे.

आता रायगडकडे येऊ. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा आहे 'क्षेत्रभेट', आणि त्यात नळदुर्गची मुलं सहलीला येतात ती अलिबागला. म्हणजे राज्यभरातली मुलं पुस्तकातून अलिबाग बघतात. अलिबागच्या मुलांनी अलिबाग कुठून बघायचं? तिसरीत प्रत्येक जिल्ह्याचं परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक असतं, त्यात आपला जिल्हा भेटतो. पण आठ वर्षांच्या मुलाला खोत, कूळ, खंड हे काय कळणार? ते कळायचं वय येतं तोपर्यंत पुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच झालेलं असतं. त्यात एका तालुक्याला पानं मिळणं कठीणच.

मग सातबाऱ्यावरची ती ओळ आली कुठून?

कोकणात खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधला माणूस. सारा तो भरायचा, कुळांकडून धान्याच्या रूपात खंड तो घ्यायचा. कसणाऱ्याच्या नावावर काही नसायचं. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी इथे शेतकऱ्यांनी ठरवलं : जमीन कसायचीच नाही. नेते होते नारायण नागू पाटील. आजूबाजूची गावं सामील झाली आणि शेतं पडीक राहिली. एखादा हंगाम नव्हे, जवळजवळ सहा वर्षं. लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. गिरणीतला संप आठवडे चालतो, महिने चालतो. पोटासाठी पिकवणाऱ्याने सहा वर्षं पेरायचं नाही म्हणजे काय, याची कल्पना शहरातल्या वाचकाला येणं अवघड आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि सप्टेंबर 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले. खेर मंत्रिमंडळातले महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला येऊन गेले. 1939 मध्ये कुळांना काही संरक्षण देणारा कायदा झाला, 1948 मध्ये आजचा कुळकायदा आला आणि 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा. 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन' धरून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. कलम 32 ग खाली किंमत ठरली, ती भरली की जमीन नावावर. मात्र अशी जमीन विकायची तर कलम 43 ची अट. मांडव्यापासून मुरूडपर्यंत बंगल्यांसाठी जमिनींचे व्यवहार चालतात, तिथे ही ओळ कळणं म्हणजे परीक्षेच्या गुणांपेक्षा बरंच काही आहे.

इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल हे तीन विषय एका नावाखाली का ठेवले, याचं उत्तरही इथे मिळतं. संप हा इतिहास, विधेयक ते कायदा हा राज्यशास्त्राचा भाग, आणि मुळात ही खाडीकाठची भातशेती, तिचे खारबांध, भरतीचं पाणी हा भूगोल.

महाडचं उदाहरण तर आणखी बोलकं

20 मार्च 1927 ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख मुलांना पाठ असते. कमी सांगितलं जातं ते तिच्या आधीचं आणि नंतरचं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही पुढे तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं झालेलं होतं! तरीही पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला, मारहाण सोसावी लागली, मग खटला उभा राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. ठराव, अंमलबजावणी आणि न्यायालय यांतलं अंतर याहून स्पष्ट कुठला धडा दाखवेल?

उरण तालुक्यातल्या चिरनेरलाही अशीच गोष्ट आहे. 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला. पुस्तकातल्या 'सविनय कायदेभंगा'त मीठ जास्त लक्षात राहतं, पण डोंगराकडेच्या गावांना जाच होता तो लाकूडफाटा आणि चराईवरच्या बंदीचा.

यासाठी नवं पुस्तक येण्याची वाट बघायची गरज नाही. दहावीच्या राज्यशास्त्रात 'सामाजिक व राजकीय चळवळी' हा धडा आहेच. तो शिकवताना वर्गातल्या मुलांनी घरचा सातबारा आणि जुने फेरफार आणले, तर कुणाच्या घरात कूळ होतं आणि कुणाच्या घरात खोत, हेही बाहेर येईल. एकाच बाकावर दोघं बसलेले असू शकतात. शिक्षकांना हा तास जपून घ्यावा लागेल, आणि बहुधा म्हणूनच तो घेतला जात नाही.