सीपी (युनिक्स आज्ञा)

सीपी ही युनिक्स आणि युनिक्ससदृश संचालन प्रणालींमधील फाइल (संचिका) व डिरेक्टरी (निर्देशिका) यांची प्रत करणारी आज्ञा आहे. लिनक्स, मॅकओएस तसेच बीएसडी कुळातील सर्व प्रणालींमध्ये ती उपलब्ध असते. ‘कॉपी’ या इंग्रजी शब्दाचे हे संक्षिप्त रूप होय. संगणकावर ही आज्ञा रोमन लिपीतील दोन लहान अक्षरांनी टंकली जाते. प्रस्तुत लेखात आज्ञा आणि त्यांचे पर्याय उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

सीपीचे काम वरकरणी साधे आहे. मात्र लक्ष्यस्थानी त्याच नावाची फाइल आधीपासून असल्यास ही आज्ञा मूलतः कोणतीही विचारणा न करता तिच्यातील मजकूर पुसून नवा मजकूर लिहिते. शिवाय लक्ष्यस्थानी काय आहे यावर एकाच आज्ञेचा अर्थ बदलतो. त्यामुळे सुरक्षित प्रत ठेवण्यासाठी सीपी वापरताना तिचे नियम ठाऊक असणे आवश्यक ठरते.

इतिहास

युनिक्सची निर्मिती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत सीपी या आज्ञेचा समावेश आहे. त्या काळी संगणकाशी संवाद टेलिटाइप यंत्रांद्वारे होत असे. ही यंत्रे संथ असल्याने दोन-तीन अक्षरी आज्ञा सोयीच्या ठरल्या. एलएस, एमव्ही, आरएम ही नावे त्याच परंपरेतील आहेत.

१९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत, सीपी एखाद्या फाइलची प्रत त्याच फाइलवर करण्यास नकार देते, असा उल्लेख आढळतो. संपूर्ण डिरेक्टरीची प्रत करण्याची सोय मात्र त्या आवृत्तीत नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बीएसडी शाखेत ती सोय, तसेच मजकूर पुसण्यापूर्वी विचारणा करण्याचा पर्याय मिळतो. पुढे पॉझिक्स या मानकात सीपीचा समावेश झाला. लिनक्सवर सामान्यतः ग्नू प्रकल्पाच्या ‘कोअरयुटिल्स’ संचातील सीपी वापरली जाते, तर मॅकओएसवरील सीपी बीएसडी परंपरेतील आहे. त्यामुळे दोहोंच्या काही पर्यायांत फरक दिसतो.

आज्ञेचे स्वरूप

सीपीला किमान दोन नावे द्यावी लागतात. शेवटचे नाव लक्ष्याचे आणि त्याआधीची सर्व नावे मूळ फाइलींची मानली जातात. आज्ञेचे तीन मुख्य प्रकार आहेत.

१. फाइलवरून फाइल: ‘सीपी निबंध निबंध-जुना’. येथे ‘निबंध’ या फाइलची ‘निबंध-जुना’ या नावाने प्रत होते.
२. एक वा अनेक फाइली डिरेक्टरीत: ‘सीपी निबंध कविता जतन’. येथे ‘जतन’ ही डिरेक्टरी आधीपासून अस्तित्वात असावी लागते.
३. डिरेक्टरीची प्रत: ‘सीपी -आर प्रकल्प जतन’. येथे ‘-आर’ हा पुनरावर्तनाचा पर्याय आवश्यक असतो. तो नसल्यास सीपी डिरेक्टरी वगळते आणि तसा संदेश देते.

नावात मोकळी जागा असल्यास संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत द्यावे लागते. अन्यथा ‘माझे लेख’ या एका नावाची ‘माझे’ आणि ‘लेख’ अशी दोन नावे समजली जातात.

काम यशस्वी झाल्यास सीपी पडद्यावर काहीही दाखवत नाही. यश मिळाल्यास मौन आणि चूक झाल्यास संदेश, हा युनिक्सच्या आज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. काम पूर्ण झाल्यावर ती शेलला एक निर्गम संकेतांक देते. शून्य म्हणजे यश आणि शून्याहून मोठी संख्या म्हणजे त्रुटी.

प्रत करताना काय घडते

साध्या स्वरूपात सीपी मूळ फाइल वाचण्यासाठी उघडते, लक्ष्य फाइल लिहिण्यासाठी उघडते आणि मजकूर तुकड्या-तुकड्यांनी एकीतून दुसरीत नेते. लक्ष्य फाइल आधीपासून असेल, तर ती उघडतानाच तिची लांबी शून्य केली जाते. म्हणून प्रत अर्धवट असताना डिस्क भरली किंवा वीज गेली, तर जुना मजकूर नष्ट झालेला असतो आणि नवा पूर्ण झालेला नसतो.

मजकूर बदलला तरी लक्ष्य फाइलची मालकी आणि परवानग्या पूर्वीच्याच राहतात, कारण फाइल तीच असून केवळ तिच्यातील मजकूर बदललेला असतो. लक्ष्य फाइल नव्याने निर्माण होत असेल, तर तिची मालकी आज्ञा देणाऱ्याकडे जाते आणि तिचा दिनांक प्रत केल्याचा असतो. परवानग्या मूळ फाइलवरून घेतल्या जातात, परंतु वापरकर्त्याच्या ‘युमास्क’ या मांडणीनुसार त्यांतील काही वगळल्या जातात.

काही आधुनिक फाइलप्रणालींत प्रत करताना मजकूर प्रत्यक्षात दुसऱ्यांदा लिहिला जात नाही. बीटीआरएफएस, एक्सएफएस किंवा ॲपलच्या एपीएफएसमध्ये दोन्ही फाइली डिस्कवरील तेच खंड वापरू शकतात आणि एखादी फाइल बदलली की केवळ बदललेला भाग वेगळा साठवला जातो. ग्नू कोअरयुटिल्सच्या २०२१ मधील ९.० आवृत्तीपासून, शक्य तेथे हीच पद्धत आपोआप वापरली जाते. यामुळे वेळ आणि जागा वाचते. तथापि, डिस्कचा तो भाग बिघडल्यास दोन्ही ‘प्रती’ एकाच वेळी बाधित होतात. त्याच डिस्कवरील प्रत ही डिस्क बिघडण्यापासूनचे संरक्षण ठरत नाही.

डिरेक्टरीची प्रत आणि लक्ष्याची स्थिती

‘सीपी -आर प्रकल्प जतन’ या आज्ञेचे दोन अर्थ संभवतात. ‘जतन’ नावाची डिरेक्टरी अस्तित्वात नसेल, तर ती निर्माण होते आणि ‘प्रकल्प’मधील सर्व काही थेट तिच्यात येते. ती आधीपासून असेल, तर तिच्या आत ‘प्रकल्प’ नावाची उपडिरेक्टरी तयार होते.

परिणामी, हीच आज्ञा दोनदा दिल्यास दोन वेगवेगळे परिणाम होतात. पहिल्या वेळी ‘जतन’ ही प्रकल्पाची प्रत बनते. आठवड्यानंतर तीच आज्ञा पुन्हा दिल्यास नवी प्रत ‘जतन/प्रकल्प’ येथे जाते आणि ‘जतन’मध्ये वरच्या पातळीवर जुन्याच फाइली राहतात. कोणताही त्रुटिसंदेश येत नाही. वापरकर्ता मात्र प्रत अद्ययावत झाल्याचे गृहीत धरतो आणि मूळ फाइल गमावल्यावर नेमकी जुनी फाइल उघडतो.

हा संदेह टाळण्याचे दोन मार्ग आहेत. मूळ नाव ‘प्रकल्प/.’ असे लिहिल्यास डिरेक्टरीतील आशय थेट लक्ष्यात जातो. ग्नू आवृत्तीत ‘-टी’ (मोठे अक्षर) हा पर्याय दिल्यास लक्ष्याचे नाव जसेच्या तसे मानले जाते आणि आत उपडिरेक्टरी तयार होत नाही. मॅकओएस व बीएसडीवर मूळ डिरेक्टरीच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली, तर डिरेक्टरीऐवजी तिच्यातील आशयाची प्रत होते. ग्नू आवृत्तीत त्या रेघेने असा फरक पडत नाही.

सीपी लक्ष्यातून काहीही काढून टाकत नाही, हेही महत्त्वाचे आहे. मूळ डिरेक्टरीतून वगळलेल्या फाइली जुन्या प्रतीत तशाच राहतात.

तारांकनाचा वापर

‘*’ या चिन्हाचा अर्थ सीपी लावत नाही. आज्ञा सीपीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेल त्या चिन्हाच्या जागी जुळणाऱ्या सर्व नावांची यादी ठेवते. यातून दोन अनपेक्षित परिणाम उद्भवतात.

पहिला लपलेल्या फाइलींचा. ज्यांचे नाव टिंबाने सुरू होते अशा फाइली तारांकनाशी सामान्यतः जुळत नाहीत. म्हणून ‘सीपी -आर प्रकल्प/* जतन’ या आज्ञेत ‘प्रकल्प’च्या वरच्या पातळीवरील लपलेल्या फाइली मागे राहतात. त्यांत अनेकदा मांडणीविषयक महत्त्वाची माहिती असते.

दुसरा परिणाम अधिक घातक असतो. लक्ष्य द्यायचे विसरून ‘सीपी टिपण*’ एवढेच लिहिले आणि डिरेक्टरीत ‘टिपण१’ व ‘टिपण२’ या दोनच जुळणाऱ्या फाइली असल्या, तर सीपीला ‘टिपण१ टिपण२’ अशी नावे मिळतात. पहिलीची प्रत दुसरीवर होते आणि ‘टिपण२’मधील मजकूर कायमचा जातो. ही आज्ञा व्याकरणदृष्ट्या अचूक असल्याने कोणतीही सूचना मिळत नाही.

प्रमुख पर्याय

-आय: लक्ष्य फाइल अस्तित्वात असल्यास मजकूर पुसण्यापूर्वी विचारणा करते. रेड हॅट कुळातील लिनक्स वितरणांत प्रशासक खात्यासाठी हा पर्याय पूर्वनियोजित ठेवलेला असतो.
-एन: अस्तित्वात असलेल्या फाइलीला हात लावत नाही.
-यू: मूळ फाइल लक्ष्याहून नवी असेल किंवा लक्ष्य नसेल तरच प्रत करते.
-बी: ग्नू आवृत्तीत जुनी फाइल वेगळ्या नावाने, सामान्यतः नावाअखेर लहरी रेघ (~) जोडून, राखून ठेवते.
-पी: दिनांक, परवानग्या आणि शक्य असल्यास मालकी जतन करते. दुसऱ्याच्या नावे मालकी राखण्यासाठी सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात.
-ए: डिरेक्टरीची पुनरावर्ती प्रत करताना गुणधर्म आणि प्रतीकात्मक दुवे शक्य तितके मूळ स्वरूपात ठेवते.
-व्ही: प्रत होत असलेल्या प्रत्येक फाइलचे नाव दाखवते.

प्रतीकात्मक दुवा म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल. साध्या प्रतीत सीपी दुव्यामागील मूळ फाइलचा मजकूर घेते. ‘-ए’ पर्यायात मात्र दुव्याची प्रत दुवा म्हणूनच होते. तो दुवा ज्या फाइलकडे बोट दाखवतो, ती प्रतीसोबत नेली नसल्यास दुसऱ्या संगणकावर तो निरुपयोगी ठरतो.

देवनागरी नावे

लिनक्सवरील ईएक्सटी४सारख्या प्रचलित फाइलप्रणालींत फाइलचे नाव कमाल २५५ बाइटांचे असू शकते. यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत रोमन अक्षराला एक, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. स्वरचिन्हे आणि हलन्तचिन्ह स्वतंत्रपणे मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी १० चिन्हे असून त्याला ३० बाइट लागतात. त्यामुळे देवनागरी नाव सुमारे ८५ चिन्हांपुरतेच लांब असू शकते. मर्यादा ओलांडल्यास सीपी ती फाइल वगळून त्रुटिसंदेश देते.

‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांत येणारे ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकच संकेतांक वापरून, किंवा ‘र’ आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. लिनक्सच्या प्रचलित फाइलप्रणाली मात्र नावांची तुलना बाइटांनुसार करतात. दोन संगणकांवर हे अक्षर निरनिराळ्या प्रकारे साठवले गेले असल्यास जुन्या फाइलीच्या जागी नवी न येता, एकाच नावाच्या भासणाऱ्या दोन फाइली शेजारी दिसू शकतात. मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावे विघटित रूपात साठवत असल्याने तेथून फाइली आणताना ही शक्यता लक्षात घ्यावी लागते.

प्रतीची पडताळणी

सीपीने शून्य संकेतांक दिला, तरी मजकूर भौतिक डिस्कवर पोहोचला असेलच असे नाही. संचालन प्रणाली लिहायचा मजकूर काही काळ स्मृतीत धरून ठेवते. पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे विलग न करता काढल्यास प्रत अपुरी राहू शकते. ‘सिंक’ ही आज्ञा प्रलंबित मजकूर डिस्ककडे पाठवते.

पेन ड्राइव्हवर सामान्यतः आढळणाऱ्या फॅट३२ फाइलप्रणालीत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, तसेच युनिक्सच्या मालकी व परवानग्यांची नोंद राहत नाही. अशा साधनावर ‘-ए’ पर्याय वापरूनही ते गुणधर्म टिकत नाहीत.

दोन फाइलींची तुलना ‘सीएमपी’ आणि दोन डिरेक्टरींची तुलना ‘डिफ -आर’ या आज्ञेने करता येते. दोन्ही बाजूंचा मजकूर समान असल्यास या आज्ञाही मौन पाळतात. जुनी प्रत नष्ट करण्यापूर्वी किंवा मूळ फाइली काढून टाकण्यापूर्वी ही तुलना करणे हिताचे असते.

संबंधित आज्ञा

एमव्ही ही आज्ञा फाइल हलवते किंवा तिचे नाव बदलते. आरसिंक ही १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली आज्ञावली केवळ बदललेला भाग पाठवते, संगणकांच्या जाळ्यातून काम करते आणि सांगितल्यास मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली लक्ष्यातून काढते. नियमित प्रती ठेवण्यासाठी ती सीपीपेक्षा अधिक उपयुक्त ठरते. एससीपी ही एसएसएचच्या आधारे दुसऱ्या संगणकावर प्रत करते. विंडोजमध्ये हीच कामे कॉपी, एक्सकॉपी आणि रोबोकॉपी या आज्ञांद्वारे केली जातात.